बंदूक जमा

"काका, ही घेता येत न्हाई," हवालदार भुजंग म्हणाला.

"का? आचारसंहिता लागली न्हाई का?" बन्सीधररावांनी बंदूक टेबलावर ठेवली. बंदूक टेबलापेक्षा लांब होती.

चाळीस वर्षं प्रत्येक निवडणुकीला ते इस्त्रीचं धोतर नेसून, बंदूक धुवट चादरीत गुंडाळून एसटीनं जिंतूरला येत आणि पोलीस ठाण्यात जमा करत. निकालानंतर पावती दाखवून परत नेत. गावात परवाना त्यांचा एकट्याचाच. निवडणूक शांततेत पार पडली, की त्याचं थोडं श्रेय ते स्वतःकडे घेत. गावही देई.

बंदूक आजोबांना निजामाच्या काळात कुण्या साहेबानं दिलेली. चाप ओढला की घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी पडे आणि दारू पेटे. पेटलीच तर. बन्सीधररावांनी ती आयुष्यात एकदाच झाडली, रानडुकरावर. फेटा पेटला. डुकरानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भुईमुगात घातली.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक संग्राहक आले. भिंगातून तासभर बघून त्यांनी पत्र लिहून दिलं: सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत घडवलेली, शिकारीची दुर्मीळ बंदूक. विकत मागितली. बन्सीधररावांनी बंदूक दिली नाही, पत्र मात्र ठेवून घेतलं. गावभर वाचून दाखवलं आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जाला जोडलं.

"सायबाला कशाला दाखवायलाव?" त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या. "त्यानं इचारलंय का?"

"कळू दे की, कोनाशी गाठ हाय."

साहेबाला कळलं. उत्तर आलं: सदर वस्तू पुरातन असून वापरण्यायोग्य नाही, सबब परवान्याची आवश्यकता नाही. बन्सीधररावांनी त्यातला 'पुरातन' एवढाच शब्द मनावर घेतला होता.

"सुटलाव की काका," भुजंग आता म्हणाला. "शोभेची वस्तू हाय. भिंतीला लावा."

"हिच्यापसून धोका न्हाई?"

"कागदावर तरी न्हाई."

"आन् माझ्यापसून?"

भुजंगनं फायलीत मान घातली.

घरी येऊन बन्सीधररावांनी बंदूक लोखंडी पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली मनकर्णाबाईंच्या हातात दिली. "निकाल लागेस्तोवर देऊ नको. मी मागितली तरी."

"पावती पायजे का?" त्यांनी टोमणा मारला.

"दे."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग चौथीपर्यंतचं शिक्षण पणाला लावून, किराण्याच्या चिठ्ठीमागं सावकाश लिहिलं: बंदूक एक. जमा. खाली सही केली.

निवडणूक शांततेत पार पडली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बन्सीधररावांनी इस्त्रीचं धोतर नेसलं. पावती खिशात घातली. पुढच्या दारानं बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पावती पाहिली, धोतर पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "सायेब कामात हायेत."

बन्सीधरराव उंबऱ्यावर ताठ बसले.