दाब भरलेला, वजन रिकामं

मित्रांनो, गॅरेजच्या फळीवर धूळ खात पडलेल्या या निळ्या बाटलीकडे पाहून नाक मुरडू नका. माझ्या पोटातल्या नायट्रसने, म्हणजे इंजिनाला जादा जोर देणाऱ्या वायूने, वर्ना स्टुकेलची जुनी लाल गाडी पाव मैलाच्या शर्यतीत कितीदा तरी उधळत नेली आहे.

माझी जागा तिच्या सीटमागे. शर्यतीआधी वर्ना मला गरम कांबळ्यात गुंडाळायची, वजनकाट्यावर ठेवायची आणि पाठ थोपटायची. मी अगदी फुशारून जायचे.

त्या रविवारी दुपारी आम्ही पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचलो आणि नेमकी मी रिकामी! ट्रॅकवरचा नायट्रसही संपला होता. वर्ना इतरांकडे मागायला बाहेर पडली. तिचा धाकटा भाऊ क्लेम वेल्डिंगचं काम करायचा. त्याने ताईला खूश करायला आपल्या टाकीतला शुद्ध ऑक्सिजन स्वतः बनवलेल्या जोडणीने माझ्यात भरला. मी घाबरले, पण ओरडणार कशी?

वर्ना रिकाम्या हाताने परतली. दाबमापकावर मी भरलेली दिसताच तिने सवयीप्रमाणे मला वजनकाट्यावर ठेवलं.

"क्लेम, दाब भरलेल्या बाटलीचा आणि वजन रिकाम्या बाटलीचं. काय भरलंस रे?"

"ऑक्सिजन, ताई. इंजिनाला शेवटी तोच लागतो ना?"

"अरे शहाण्या, नायट्रस बाटलीत द्रव होऊन राहतो, म्हणून वजन भरतं. इंजिनात तापला की ऑक्सिजन सोडतो आणि सोबतचा नायट्रोजन आगीला आवर घालतो. नुसत्या ऑक्सिजनने पिस्टन मेणासारखे वितळले असते. कुठे तेलाचा थेंब असता, तर मी सीटवरच पेटले असते."

क्लेमनेच मला दूर नेऊन रिकामं केलं.

एवढ्यात अंतिम फेरीतला प्रतिस्पर्धी, म्हातारा हार्लन, स्वतःचा नायट्रस घेऊन आला. अडलेल्या प्रतिस्पर्ध्याला मदत करायची, आमच्याकडे ही रीतच आहे.

"एकट्याने धावून जिंकायला मी काय टपालगाडी आहे? घे भरून, पोरी."

हिरवा दिवा लागला. वर्नाने बटण दाबलं आणि मी जीव खाऊन सुटले! गाडीचं नाक वर उठलं, मागची चाकं किंचाळली, हार्लन आधी पुढे, मग शेजारी, मग वीतभर मागे. आम्ही जिंकलो!

"माझाच गॅस आणि मलाच धूळ चारलीस," हार्लन हसत म्हणाला.

वर्नाने आधी क्लेमला मिठी मारली. तो लहान मुलासारखा रडत होता.

आता माझी मुदत संपली, मला कोणी भरत नाही. तरी एक विनवणी आहे. काही भलतंच करून बसलात, तर लगेच सांगून टाका. इंजिन चूक पोटात घालत नाही, ताई घालते.