समेवर पडणारा हात

अस्मीचा उजवा हात सकाळपासून स्वस्थ बसत नव्हता. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरापासून मरिनातल्या हॉटेलापर्यंत टॅक्सीत तिने मांडीवर तोच एक ठेका घोटला होता. ओस्वाल्दोच्या साल्सा बँडमध्ये काँगावर, म्हणजे हातांनी वाजवायच्या त्या उंच ढोलांवर, आजवर एकही बाई बसली नव्हती. बायकांनी गावं, फार तर नाचावं, असा तिथला खाक्या. दोन वर्षं नाक घासल्यावर आज शनिवारी दुपारचा एक कार्यक्रम तिच्या पदरात पडला होता, तोही परीक्षेचा.

आणि मेली खोड काही जात नव्हती. तबल्यात सम म्हणजे पहिली मात्रा. फिरून फिरून तिथेच यायचं आणि ठणकावून वाजवायचं. साल्सात काँगावाला नेमकी तीच मोकळी सोडतो. तालमीत तिचा हात तीनदा तिथे धाडकन पडला, तेव्हा ओस्वाल्दो म्हणाला होता, "शनिवारी हे वन्स मोअर झालं, अँड यू आर खलास!"

ही खोड लावणारे गृहस्थ कडक इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्याच टेबलाशी बसले होते. अरुणरावांनी लेकीला सातव्या वर्षापासून तबला शिकवला होता. कुठलंही गाणं लागलं, की त्यांचा हात समेवर टेबलावर पडायचाच. तो पडला की अस्मीचाही पडणार.  ती तरातरा स्टेजवरून खाली उतरली.

"बाबा, प्लीज, आज टाळी नको देऊस. आय विल मेस अप."

"अगं, मी कुठे काय करतोय?"

"टेबल वाजवतोयस. ऑलरेडी!"

अरुणरावांचा चेहरा पडला. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले.

पहिल्या गाण्यात तिचा हात दर समेला खाली झेपावत होता आणि ती तो जेमतेम आवरत होती. तिला दरदरून घाम फुटला. तिसऱ्या गाण्यात मात्र तो आवरावाच लागेना. समोर लोक नाचायला उठले होते.

"नेक्स्ट सॅटर्डे, चार वाजता, यल्ला, कम ऑन!" शेवटी ओस्वाल्दो तिच्याकडे बघत ओरडला. अस्मी धावतच बाबांपाशी आली.

"सम कुठे होती गं?" ते म्हणाले. "तासभर शोधली. एकदाही सापडली नाही."

"मी वाजवलीच नाही, बाबा. सोडून दिली."

"मग अठरा वर्षं मी तुला शिकवलं काय?"

अस्मी त्यांच्याशेजारी वाकली.

"ती कुठे असते, ते. नाहीतर मी सोडली कशी असती?"

अरुणरावांनी मांड्यांखालून हात काढले. त्यांना चांगल्याच मुंग्या आल्या होत्या.

"बस इथे," ते म्हणाले. "हळू वाजवून दाखव बघू."