घोडीवर पडलेलं निशाण

बैलगाडा शर्यतीच्या घाटात, त्या चढाच्या धावपट्टीवर, गेणभाऊंचं निशाण म्हणजे शेवटचा शब्द. बैलं घाट चढून रेषेवर आली की ते झेंडा खाली टाकत. तो पाहून घड्याळवाला घड्याळ थांबवी आणि गाड्याचे सेकंद ठरत. वीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध कुणी ब्र काढला नव्हता. माणूस हट्टी, पण सरळ.

साखरेचं दुखणं जडून सहा वर्षं झाली होती. गोळ्या घ्यायचे, पण आठवण झाली तर. वर्षभरापासून डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगत, लांबचं धुरकट दिसे. ओतूरला डोळे दाखवून या, असं ठकूबाई कानीकपाळी ओरडत होत्या. पण डॉक्टर "झेंडा सोडा" म्हणाले तर? या भीतीपायी गेणभाऊ बायकोला थापा मारत. "धुरळा गेलाय डोळ्यात," म्हणत, अगदी भर पावसाळ्यातसुद्धा.

अठ्ठ्याण्णवच्या यात्रेत बिंग फुटलं. गाडा नेमका ठकूबाईंच्या भावाचा, सावळेरामचा. बैलांना ओढ लागावी म्हणून गाड्यापुढे घोडीस्वार धावतो. गेणभाऊंना रेषेवर काहीतरी पांढरं हललेलं दिसलं आणि त्यांनी झेंडा टाकला. ती घोडी होती. बैलं चांगली दोन कासऱ्यांच्या दोरांएवढी मागे होती.

"दहा सेकंद!" भोंग्यावर पुकारणारा चांगदेव किंचाळला. त्या घाटात बाराच्या आत कुणी आलं नव्हतं. सावळेराम भंडारा उधळत नाचू लागला. तेवढ्यात गर्दीतून आरोळी आली, "मेव्हण्यासाठी निशाण टाकलं!"

गेणभाऊंनी आरोळी ऐकली. आता लबाड ठरायचं, नाहीतर आंधळा. त्यांनी चांगदेवच्या हातून माईक घेतला.

"गाडा बाद करा. म्या घोडीवर निशाण टाकलं. पर लबाडी न्हाई केली, मंडळी. मला नीट दिसत न्हाई. साखर हाय मला, अन् भ्यालो म्हणून डोळं दावलं न्हाईत."

सावळेरामचा भंडाऱ्याचा हात वरच राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ठकूबाईंनी नवऱ्याला ओतूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून डोळे आतून पाहिले. "साखरेनं पडद्यावरच्या बारीक नसा पाझरताहेत. पुण्याला लेझर करावं लागेल. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते वाचवता येईल. साखर असली की डोळे वर्षातून एकदा तपासायचे, नीट दिसत असलं तरी."

"अन् झेंडा?"

"आधी साखर ताब्यात आणा."

पुण्याच्या तीन खेपा झाल्या. ठकूबाईंनी गूळ ट्रंकेत कुलपात घातला. घाटावरचे साखरवाले नऊ गडी डोळे तपासून आले. त्यात सगळ्यांत पुढे घड्याळवाला!

पुढच्या यात्रेला चांगदेवनं लांब रेषेवर उभं राहून दहा वेळा बोटं दाखवली. गेणभाऊंनी दहाही वेळा बरोबर सांगितली, तेव्हा कुठं कमिटीनं झेंडा हाती दिला.

सावळेरामचा गाडा सुटला. घोडी रेषेवरून गेली. अख्ख्या घाटाची नजर झेंड्यावर गेली, पण झेंडा हलला नाही. बैलं रेषेवर आली आणि झेंडा पडला.

"साडेचौदा!"

बक्षिसाची ढाल हुकली. सावळेराम धापा टाकत वर आला. "दाजी, मागल्या सालीच लई झ्याक दिसत व्हतं तुमाला!"

गेणभाऊ डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग उपरण्यानं डोळे जपून टिपले, अन् पुढच्या गाड्यासाठी झेंडा वर धरला.