डोळे मिटल्यावर

यमुनाबाईंचं वर्षश्राद्ध आटोपलं, पाहुणे गेले आणि सिडकोतल्या घराच्या गच्चीवर दोघी लेकीच उरल्या.

"डोळे मिटले की आई अजून समोर उभी राहते," थोरली सावनी म्हणाली. "खुलताबादच्या रस्त्यावर पेरू घेताना, त्या हिरव्या साडीत."

नीरजाला एकदम रडू कोसळलं. वर्षभर तिनं कितीदा डोळे मिटून पाहिलं होतं, पण आईचा चेहरा काही येत नव्हता. "ताई, मी आईला विसरले गं."

"काहीतरीच! पेरू घेताना आई काय करायची?"

"हुंगून बघायची. विकणाऱ्याला मामा म्हणायची. पदर घसरला की डाव्या हातानं सावरायची."

"आणि म्हणे विसरले! बरं, आता डोळे मिट आणि माझा चेहरा आण."

नीरजानं डोळे मिटले. बराच वेळ गेला. "नाही येत," ती चकित होऊन म्हणाली. "माझ्या लेकाचा, शंतनूचाही येत नाही. आत्ताच तर त्याला जेवायला वाढलं!"

"आधी यायचा?"

"कधीच नाही. मला वाटायचं, डोळ्यांसमोर उभं राहतं हे लोक नुसतं बोलायचं म्हणून बोलतात."

 सावनीनं मावशीनं पाठवलेला एक जुना फोटो मोबाइलवर उघडला. शाळेच्या पायऱ्यांवर वेण्या घातलेल्या पंचवीस-तीस मुली होत्या. नीरजानं तो कधी पाहिला नव्हता, तरी तिचं बोट सरळ मागच्या रांगेतल्या एका मुलीवर गेलं.

"ही आई."

"बघ! डोळे मिटून तुला कुणाचाच चेहरा दिसत नाही, पण आईला तू विसरली नाहीस!"

नीरजानं डोळे पुसले. वर्षभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं. मग ती आईबद्दल बोलत सुटली, ती दिवेलागण झाली तरी थांबली नाही.