दोर धरणारी शिळा

बसा मित्रांनो, आणि माझे पूर्ण ऐकूनच उठा. मी एक जुनी काळी शिळा आहे. परांड्याकडच्या एका तलावाच्या काठी, जिथे नाव लागते तिथे, मी कमरेपर्यंत जमिनीत रोवलेली आहे. नावेचा दोर नीट बसावा म्हणून पाथरवटाने माझ्या गळ्याभोवती खोल खाच कोरली. पैलतीरच्या लोकांना या काठच्या सोनारी गावाला रस्त्याने यायचे तर दिवस मोडतो. म्हणून ही नाव. तीस वर्षे हरिबा नावाड्याचा दोर मी धरला. वारा कितीही सुटो, मी तसूभर हलले नाही.

मग माझा मान वाढला, आणि तिथेच घात झाला. एका अमावास्येला कोणीतरी मला शेंदूर फासला. नारळ फुटू लागले. गावचे शिवलिंगप्पा हरिबावर कडाडले, "देवाला दावं लावतूस व्हय रं?" बिचारा हरिबा शेजारच्या बाभळीच्या खुंटाला दोर बांधू लागला. मी फुलांखाली बसून राहिले, बिनकामाची.

भाद्रपदात एके दुपारी वावटळ उठली. हरिबाची सून शिवकांता तान्ह्या लेकीला घेऊन नावेत बसली होती. हरिबा काठावरची पोती उचलत होता. एवढ्यात खुंट मुळासकट उपटला आणि नाव आत ओढली गेली. हरिबाने पाण्यात झेप घेऊन दोर पकडला. चौघे धावले, पण चिखलात त्यांचेही पाय सुटू लागले. दोर माझ्यापासून दोन हातांवर होता, आणि मला कोणी शिवेना!

हरिबाची म्हातारी आई द्वारकाबाई काठी टेकीत पुढे आली. "हुबं राहून बगताव काय? टाका येढा त्या दगडाला!"

"मावशी, देव हाय त्यो," शिवलिंगप्पा पुटपुटले.

"देव हाय म्हणूनच म्हणते. माझी नातसून-पणती बुडाली, तर नारळ कुठं फोडशील? तुझ्या टकलावर?"

दोर माझ्या खाचेत पडला. करकचून ताण बसला, शेंदराचे पापुद्रे गळाले, आणि नाव थांबली. नाव काठाला ओढून घेतल्यावर लेकरू छातीशी धरून शिवकांता उतरली. दोराची दुसरी गाठ शिवलिंगप्पांनी स्वतःच्या हाताने मारली.

मित्रांनो, आजही कोणी माझ्या माथ्यावर फूल ठेवते. ठेवू द्या, पण खाच मोकळी राखा. ज्याच्या अंगी बळ आहे, त्याला मखरात बसवून निकामी करू नका. आणि नाव काठाला लागली, की आधी दोर. नमस्कार मागाहून.