बंधारा, दरवाजा आणि मधली बेकरी

बेकरीची भट्टी जमिनीपेक्षा दोन पायऱ्या खाली होती, आणि बेकरीवालीचा सगळा जीव त्या भट्टीत होता. आत विटांची कमान, वर्षानुवर्षं कधी पुरती थंड न झालेली. तापलेल्या विटांवर गार पाणी आलं तर कमान उभी चिरणार, आणि तशी कमान बांधणारा गवंडी आता हयात नव्हता.

गल्ली सखल. वरच्या अंगाला नदीवर बंधारा; तो बेकरीवालीचा थोरला भाऊ सांभाळायचा. खालच्या अंगाला, नदी समुद्राला मिळते तिथे, चाक फिरवून वर उचलायचा लोखंडी दरवाजा. तो तिचा नवरा सांभाळायचा. ओहोटीला दरवाजा उघडायचा, नदीचं पाणी बाहेर काढायचं. भरतीला लावायचा, समुद्राला बाहेर ठेवायचं. काम सोपं होतं. अडचण एवढीच की हे दोघे मेहुणे एकमेकांशी बोलत नव्हते. एकदा बुद्धिबळात एकानं चाल परत घेतली होती. कुणी, यावर एकमत नव्हतं.

त्यामुळे बंधाऱ्याचे निरोप दरवाजाकडे बेकरीमार्गे जात. भाऊ फोनवर बोले, बहीण निरोप पुढे देई, आणि देताना पीठ चाळावं तसा चाळून देई. शिव्या, टोमणे, खानदानाचा उद्धार, सगळं चाळणीत राहायचं. घरात शांतता नांदायची. तिला या कलेचा थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला तेव्हा भट्टीत पावांना रंग चढत होता.

"डोंगरात रात्रभर कोसळलाय. आज भरपूर पाणी सोडणार आहे मी. त्या ऐदी माणसाला सांग, रोजच्यासारखं चाक अर्ध्यावर सोडून चहा ढोसत बसू नकोस म्हणावं. कळलं?"

"कळलं, दादा."

तिनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, दादा आज जास्त पाणी सोडतोय. दरवाजा उघडा म्हणाला."

"उघडलाय कधीचाच. त्याच्या सांगण्याची वाट बघत बसलो असतो तर झालंच!"

आणि खरंच, दरवाजा उघडा होता. अर्धा. रोज अर्ध्यातच भागायचं; पूर्ण उघडायचा तर ते चाक फिरवताना माणूस घामाघूम व्हायचा.

दुपारी गल्लीतली गटारं उलटी वाहायला लागली. वर राहणारे शिंपीकाका खिडकीतून ओरडले, "अगं ए, तुझ्या दारात तळं झालंय! मासे लागले तर माझा वाटा ठेव."

"आधी खाली या आणि पिठाची पोती वर न्यायला हात लावा. मग माशांचं बघू."

काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. पाणी उंबरठ्यापासून चार बोटांवर होतं. उंबरठा ओलांडला की ते थेट भट्टीत उतरणार. बेकरीवालीनं भावाला फोन लावला.

"दादा, गल्लीत पाणी आलं! सोडणं थांबव."

"थांबवू? सगळंच अडवलं तर बंधाऱ्यावरून वाहील. तुझ्या नवऱ्यानं दरवाजा पूर्ण उघडलाय ना?"

"तू पूर्ण कुठे म्हणालास?"

"अर्ध्यावर सोडून चहा ढोसू नकोस, याचा दुसरा काय अर्थ होतो?"

ते वाक्य बेकरीवालीला आठवत होतं. टोमणा म्हणून तिनं ते अख्खंच्या अख्खं चाळणीत ठेवलं होतं.

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली. मग ऑर्डर घ्यायचा बेकरीचा फोन उचलून तिनं नवऱ्याला लावला, दोन्ही फोन स्पीकरवर टाकले आणि पावाच्या रिकाम्या ताटात समोरासमोर ठेवले. "आता बोला. मी मध्ये नाही."

"कोण आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"तुझा काळ," भाऊ म्हणाला. "चाक किती फिरवलंयस?"

"नेहमीएवढं."

"नेहमीएवढा पाऊस पडलाय का, शहाण्या?"

"तो मला इथून दिसतो का? आणि तुला समुद्र दिसतो का? वारा किनाऱ्याकडे आहे, भरती आज वेळेआधीच चढतेय. थोड्या वेळात दरवाजा लावावाच लागणार."

"हे मला कुणी सांगितलं नाही," भाऊ म्हणाला.

"विचारलंस कधी?"

"तुझ्याशी बोलतंय कोण!"

"दोघंही ऐका!" बेकरीवाली ताटावर ओरडली. "पाणी उंबरठ्याला लागलंय. माझी भट्टी गेली तर जन्मभर शिळे पाव खायला घालीन दोघांना."

ही मात्रा लागू पडली.

"तू आत्ता पूर्ण उघड," भाऊ म्हणाला. "मी सोडतोय ते कमी करतो. बंधाऱ्यात तेवढी जागा आहे, पण भरती उतरेपर्यंतच."

"उतरायला लागली की उघडतो आणि तुला कळवतो. मग सोड काय सोडायचं ते."

ताटातून साखळीचा खडखडाट आणि नवऱ्याची धाप ऐकू येऊ लागली. शिंपीकाकांनी गळ्यातली टेप उंबरठ्याला लावली. "चढतंय... अजून चढतंय... थांबलं वाटतं." मग बराच वेळ काही नाही. "अगं, चाललं खाली! गेले माझे मासे!"

बेकरीवाली पायरीवर मटकन बसली आणि हसत सुटली.

"हसू नकोस," भाऊ म्हणाला. "आजवर आणखी काय काय गाळलंस?"

"गाळलं ते जाऊ दे," नवरा म्हणाला. "घातलं काय काय? दर आठवड्याला हा माझ्या पाठीची चौकशी करायचा, ती?"

"मी? मी कशाला करू चौकशी? तू मात्र माझ्या वाढदिवसाला केक पाठवायचास."

"कसला केक?"

काकांनी तोंडावर हात धरला. बेकरीवालीला एकाएकी निखारे सारखे करायची फार घाई झाली.

"केक चांगला असायचा," भाऊ शेवटी म्हणाला.

"सुचलं असतं तर मीच पाठवला असता."

"पाठ कशी आहे?"

"चाक पूर्ण फिरवल्यावर कशी असणार? आणि आता तेच उलटं फिरवायचंय. समुद्र आलाय पायाशी."

"कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक. आणि दमानं घे. मी आहे फोनवर."

बेकरीवालीनं पावांचं पुढचं ताट भट्टीत सरकवलं. फोनच्या ताटाला तिनं हातही लावला नाही.