जुना तक्ता

माझे बाबा चष्मे करतात. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी त्याची विचारपूस, मग सावकाश डोळे तपासणं. भला माणूस म्हणून गावभर नाव. घरच्यांसाठी मात्र घडीची फुरसत नाही. जेवतानासुद्धा ताटाशेजारी कुणाच्या तरी चष्म्याची तुटकी काडी. आई काही सांगायला लागली की नुसतं "हं, हं". माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"आई, तू लग्न बाबांशी केलंस की दुकानाशी?"

"दुकानाशीच गं," आई हसायची. "हे वर फुकट मिळाले."

मग आई दारांच्या चौकटींना धडकायला लागली. पायरी चुकायची, चहा कपाच्या बाहेर ओतायची. मी हात धुऊन बाबांच्या मागे लागले, तेव्हा कुठे ते तिला म्हणाले, "ये दुकानात, बघतो." म्हणजे नवऱ्याला भेटायलाही दुकानातच जायचं!

संध्याकाळी मी कामावरून आल्या आल्या विचारलं.

"उत्तम आहेत डोळे," बाबा म्हणाले. "तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचली. लक्ष नसतं तिचं, म्हणून धडकते."

झालं. घरचाच जाणकार बोलला, पुढे कोण काय बोलणार?

वर्षभराने आई जिन्यावरून पडली. हाताला प्लास्टर घालताना डॉक्टरबाईंना शंका आली, म्हणून त्यांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाबाही आले होते. तिथल्या तक्त्यासमोर आईला बसवलं. सगळ्यात वरचं भलंमोठं अक्षरही तिला सांगता येईना.

"अगं, वाच ना! माझ्याकडे वाचलंस की!" बाबा वैतागले.

"सकाळी दुकान झाडताना तुमचा तक्ता रोज मीच पुसते हो," आई म्हणाली. "तोंडपाठ आहे. त्या दिवशी बाकावर गिऱ्हाइकं खोळंबली होती, तुम्ही सारखे तिकडेच बघत होतात. म्हटलं, उगाच कशाला तुमचा वेळ घ्या."

डोळ्यांमागची नस सुकलीय, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही. वर्षापूर्वी कळलं असतं, तर होती तेवढी तरी राखता आली असती.

मला बाबांचा भयंकर राग आला, आणि त्यांची कीवही आली.

आता ते दुपारीच दुकान बंद करतात. बैल गेला अन् झोपा केला! आईजवळ बसतात, तिला पेपर वाचून दाखवतात, वेणीसुद्धा घालतात, वाकडीतिकडी. काल त्यांनी नवा तक्ता आणला, घरातल्या भिंतीवर लावला आणि आईला समोर बसवलं.

"सावकाश बघ. मला कुठे जायचं नाहीये."

आई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसली. बाबाही जागचे हलले नाहीत. शेवटी तीच चुळबुळायला लागली.

"अहो, जुना लावा ना," ती म्हणाली. "तो मला येतो."